बदल अर्जात नसलेलं नाव

(बोरी अरब, तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ येथील स्मृतिव्याख्यानमालेत झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

संस्थेचे अध्यक्ष वारले की तेरवीचं जेवण उरकायच्या आत गावात चर्चा सुरू होते: आता खुर्चीवर कोण? थोरला मुलगा पुण्यात कंपनीत, त्याला रस नाही. धाकटा राजकारणात. जावई शाळेतच मुख्याध्यापक, पण त्याचं आणि सचिवांचं जमत नाही. देवस्थान असो, वाचनालय असो की शिक्षण संस्था, विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याला हे चित्र नवं नाही. अपंगांसाठी चालणाऱ्या संस्थाही त्याला अपवाद नाहीत. फरक एवढाच की देवस्थानच्या विश्वस्तांमध्ये जुंपली तरी देव उपाशी राहत नाही. निवासी शाळेत मात्र दोन गटांच्या भांडणात बँकेचं खातं अडकलं की महिनाअखेरीस किराणावाला उधारीची वही घेऊन दारात उभा राहतो, आणि पंगतीत वरण पातळ होतं.

अडाण नदीकाठच्या बोरी अरबसारख्या गावात एखाद्या घरी मूकबधिर किंवा मतिमंद मूल जन्माला आलं, तर त्याची शाळा बहुधा तालुक्याला नाहीतर थेट यवतमाळला असते, आणि बहुधा निवासी. जून महिन्यात आईबाप ट्रंक, गादी आणि मूल घेऊन एसटीनं जातात, फॉर्मवर सही करतात किंवा अंगठा देतात आणि संध्याकाळच्या गाडीनं परततात. त्यांना अधीक्षक माहीत असतात, काळजीवाहक बाई माहीत असते, स्वयंपाकी माहीत असतो. विश्वस्त कोण आहेत, हे त्यांना कुणी सांगत नाही आणि त्यांनीही कधी विचारलेलं नसतं.

२०११ च्या जनगणनेनं महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजारांवर अपंग व्यक्ती मोजल्या, देशात २ कोटी ६८ लाख. ती मोजणी झाली तेव्हा कायदा १९९५ चा होता आणि त्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या कायद्यानं ते एकवीस केले. म्हणजे खरा आकडा मोठाच असणार. एवढ्या माणसांपैकी जी संस्थांच्या आधारानं जगतात, त्यांच्या आयुष्याचे निर्णय कोण घेतं आणि ते घेणारा बदलतो तेव्हा नेमकं काय घडतं, याकडे सहसा कुणी पाहत नाही. संस्थांच्या वार्षिक अहवालात देणगीदारांचे फोटो असतात, पाहुण्यांचे अभिप्राय असतात. विश्वस्त बदलले ही बातमी मात्र एका ओळीत, तीही असलीच तर.

कागदावर ही प्रक्रिया साधी आहे. महाराष्ट्रात सोसायटी म्हणून नोंदलेली संस्था सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदलेली असते, आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा तिला लागू होतो. धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीत तिचा ‘एफ’नं सुरू होणारा नंबर असतो. विश्वस्त वारला, त्यानं राजीनामा दिला किंवा नवा निवडला गेला, की कलम २२ खाली नव्वद दिवसांच्या आत त्या कार्यालयाला कळवावं लागतं. याला सगळे ‘चेंज रिपोर्ट’ म्हणतात, मराठी कागदावर ‘बदल अर्ज’ लिहिलेलं असलं तरी. सोबत सभेची नोटीस, ठरावाची प्रत, नव्या विश्वस्ताचं संमतीपत्र, जुन्याचा राजीनामा नाहीतर मृत्यूचा दाखला. सहायक किंवा उपआयुक्त चौकशी करतात, हरकती ऐकतात आणि बदल मान्य झाला की शेड्यूल वनवर, म्हणजे विश्वस्तांच्या अधिकृत नोंदीवर, नवी नावं चढतात.

प्रत्यक्षात अर्ज वर्षानुवर्षं पडून राहायचे. जुन्या गटाची हरकत, तारीख, वकील गैरहजर, पुन्हा तारीख. दरम्यान तीन वर्षांनी नवी निवडणूक होते आणि तिचा दुसरा अर्ज पहिल्या अर्जाच्या मागे रांगेत लागतो. २०१७ च्या दुरुस्तीनं वाद नसलेल्या बदलाला झटपट तात्पुरती मान्यता देण्याची सोय केली, ती त्यामुळेच. त्याआधी २००२ साली चेंबूर ट्रॉम्बे एज्युकेशन सोसायटीच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयानं स्पष्ट केलं होतं की बदल घडतो तो निवडीनं. धर्मादाय कार्यालय त्याची नोंद घेतं. अर्ज प्रलंबित आहे म्हणून निवडून आलेल्यांनी हात बांधून बसायचं नसतं. कायद्यानं हे खरं, पण बँकेला शेड्यूल वनची ताजी नक्कल लागते. समाजकल्याण कार्यालयालाही. त्यामुळे कोर्टाच्या दृष्टीनं कारभार चालू असलेली संस्था बँकेच्या दृष्टीनं बंद असू शकते.

या सगळ्याचं मूळ एका वहीत असतं. प्रोसिडिंग बुक. जाड पुठ्ठ्याचं, लाल पाठीचं रजिस्टर, ज्यात प्रत्येक सभेचा वृत्तांत आणि खाली सह्या. जाणता वकील ही वही उघडली की ठराव वाचत नाही, आधी सह्या पाहतो. दोन ठरावांमध्ये मोकळी जागा सोडली आहे का? शेवटची ओळ सह्यांच्या डोक्यावर दाटीवाटीनं बसवली आहे का? चार सभांच्या सह्या एकाच पेनाच्या, एकाच शाईच्या आहेत का? अजेंडा बुकवर ‘नोटीस मिळाली’ म्हणून केलेली सही आणि सभेतली सही जुळते का? ज्या संस्थेत बारा सभासद आहेत आणि कोरम सातचा आहे, तिथं सभेला बरोबर सातच सह्या वारंवार सापडल्या तर समजावं की सभा झालेली नाही, वही घरोघर फिरली आहे. शिपायाच्या सायकलवरून फिरलेल्या अशा वह्यांवर या राज्यातल्या कितीतरी संस्थांचा इतिहास लिहिला गेला आहे.

त्याच कपाटात संस्थेची घटना, म्हणजे नियमावली, सापडते. ती बहुतेकदा स्वतः विचार करून लिहिलेली नसते. नोंदणी करून देणाऱ्याकडे एक तयार मसुदा असतो, त्यात नाव आणि उद्देश बदलले की काम झालं. त्या मसुद्यात सभासदत्व कधी संपतं याचं एक कलम ठरलेलं असतं: मृत्यू, राजीनामा, वर्गणी थकणं, दिवाळखोरी, नैतिक अधःपतनाचा गुन्हा, आणि वेड लागणं. क्रिकेट क्लबच्या घटनेत ते आहे, भजनी मंडळाच्या आहे, आणि मनोरुग्णांच्या किंवा मतिमंदांच्या पुनर्वसनासाठी स्थापन झालेल्या संस्थेच्या घटनेतही ते शब्द तसेच उतरलेले असतात. ज्यांच्यासाठी संस्था, त्यांना दाराबाहेर ठेवणारं कलम पहिल्या दिवसापासून कागदावर, आणि संस्थापकांपैकी कुणाच्या लक्षातही आलेलं नसतं.

अनुदानित शाळांचं प्रकरण वेगळं आणि जास्त ओंगळ. महाराष्ट्रातल्या बहुतेक विशेष शाळा खासगी संस्थांनी चालवल्या आहेत, पगार आणि परिपोषणाचा खर्च सरकारचा. शाळेला मान्यता आणि अनुदान मिळालं की तिला बाजारात किंमत येते, कारण तिथं पदं असतात. संस्थेची स्थावर मालमत्ता विकायची तर कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. पण अख्खं विश्वस्त मंडळच बदललं तर काहीच विकलेलं नसतं. जुन्या सात जणांनी ओळीनं राजीनामे दिले, नवे सात जण आले, अर्ज कायदेशीर. गावात लोक सरळ म्हणतात, ‘संस्था अमक्यानं घेतली.’ आणि त्या संस्थेत राहणारी साठ-सत्तर मुलं? त्यांची नावं हजेरीपटावर असतात, बदल अर्जात त्यांचा उल्लेखही नसतो.

२०२२ च्या डिसेंबरात महाराष्ट्रानं दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग काढला. चांगलं झालं. पण मंत्रालयात विभाग आला म्हणून प्रोसिडिंग बुक बदलत नाही.

बोरी अरबहून यवतमाळ, पुढे वणी आणि वर्धा नदी ओलांडली की वरोरा लागतं. विश्वस्त आणि वारस यांच्याबद्दल विदर्भात बोलायचं तर आनंदवन टाळून पुढं जाता येत नाही. महारोगी सेवा समितीची स्थापना १९४९ ची. सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये, हा तिचा प्रारंभ शाळकरी मुलांनाही पाठ आहे. कमी लोकांना आठवतं ते असं, की १९६४ साली आनंद निकेतन महाविद्यालय उभं राहिलं ते कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्यांच्या हातांनी, आणि ते वरोरा परिसरातल्या निरोगी मुलांसाठी. ज्यांच्या हातचं पाणी गाव पीत नव्हतं, त्यांनी गावाच्या पोरांसाठी कॉलेज बांधलं. अंध, मूकबधिर, अस्थिव्यंग असलेल्यांची शाळा आणि कामं पुढे त्याच आवारात आली.

आनंदवनचे संस्थापक बाबा आमटे ९ फेब्रुवारी २००८ रोजी गेले, साधनाताई ९ जुलै २०११ रोजी. पण कारभाराचं हस्तांतर त्याआधी कितीतरी वर्षं सुरू झालं होतं. डॉ. विकास आमटे आनंदवनात, डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे १९७३ पासूनच्या हेमलकशात, नंतर तिसरी पिढी. घराण्याचा वारसा म्हणून याला नाक मुरडणं सोपं आहे. १९७० च्या दशकात भामरागडच्या जंगलात वीज नाही, रस्ता नाही, पावसाळ्यात जगाशी संबंध नाही, अशा ठिकाणी दवाखाना टाकायला जाहिरात देऊन विश्वस्त मिळाला असता का? घरातली माणसं गेली म्हणून ते काम उभं राहिलं. महाराष्ट्रातल्या अनेक संस्थांमध्ये दुसरी पिढी ही मेहनतीनं मिळवलेली गोष्ट आहे, आयती नव्हे.

मात्र घर हीच संस्था झाली की घरातला ताण संस्थेत आणि संस्थेतला ताण घरात शिरतो. २०२० साली आनंदवनच्या कारभाराची वर्तमानपत्रांतून जाहीर चर्चा झाली. तिचे तपशील इथं उगाळण्याचं कारण नाही. त्यात एका कुटुंबाचं दुःख आहे आणि बाहेरच्यांनी न्यायाधीश व्हायची गरज नाही. त्या चर्चेतली एक गोष्ट मात्र नोंदवण्यासारखी आहे. कुटुंबीय, जुने कार्यकर्ते, देणगीदार, पत्रकार, सगळे बोलले. ज्यांनी तिथं पन्नास-पन्नास वर्षं काढली, शेती केली, विहिरी खणल्या, माग चालवले, त्यांचा आवाज सर्वांत क्षीण होता. हा प्रश्न वरोऱ्यापुरता नाहीच. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी १९३६ मध्ये सुरू केलेलं कुष्ठसेवेचं काम असो की शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये अमरावतीला उभं केलेलं तपोवन, सेवा करणारे आणि सेवा घेणारे यांच्यातली रेघ तिथंही होती. काळच तसा होता.

काळ तसा होता असं म्हणून सोडून द्यावं, तर २००८ आठवतं. ओडिशात कुष्ठरोग झालेल्या एका नगरसेवकाची निवड नगरपालिका कायद्यातल्या कलमाच्या आधारे रद्द झाली आणि सर्वोच्च न्यायालयानं ते कलम वैध ठरवलं. धीरेंद्र पंडुआ विरुद्ध ओडिशा राज्य. बहुविध औषधोपचारानं हा रोग बरा होतो हे डॉक्टरांना पंचवीस वर्षं ठाऊक असताना! लोकांनी निवडून दिलेला माणूस खुर्चीवर बसू शकत नाही, असं कायदाच म्हणत होता. मग संस्थेच्या मंडळात त्याला कोण बसवणार? १८९८ चा कुष्ठरोग्यांबाबतचा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला, कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण राहणार नाही ही दुरुस्ती २०१९ मध्ये आली. त्याच २०१६ च्या अपंग हक्क कायद्यानं कुष्ठमुक्त व्यक्तीला अपंगत्वाच्या यादीत स्वतंत्र स्थान दिलं.

वारसाचा प्रश्न कुष्ठसेवेपुरता नाही. अमरावती जिल्ह्यात परतवाड्याजवळ वझ्झर आहे. तिथं शंकरबाबा पापळकर बेवारस, मतिमंद, मूकबधिर, अंध मुलांना सांभाळतात. धोबीकाम, मग ‘देवकीनंदन गोपाला’ या नियतकालिकाचं संपादन, आणि गाडगेबाबांचा वारसा सांगणारं आयुष्य. अंबादासपंत वैद्यांच्या नावानं चालणाऱ्या या बालगृहातल्या १२३ मुलांच्या कागदांवर वडिलांच्या जागी शंकरबाबांचंच नाव आहे. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांची मागणी एकच आणि जुनी: अठराव्या वर्षी मूल कायद्यानं बालगृहाबाहेर जातं, पण मतिमंद बेवारस मुलानं जायचं कुठं? त्याला कायमचं राहू द्या, तसा कायदा करा. स्वतः त्यांनी कुणालाच बाहेर काढलं नाही.

शंकरबाबांनी ऐंशी ओलांडली आहे. त्यांच्यानंतर काय, हे कुजबुजत विचारलं जातं, तेही त्यांच्या माघारी. पण वझ्झरमध्ये एक उत्तर वाढत होतं. तिथं वाढलेली एक दृष्टिहीन मुलगी २०२४ मध्ये महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली. राज्य सरकारच्या फायली हाताळायला जी चालते, ती आपल्या घराची फाईल हाताळायला चालणार नाही, असं कोण म्हणेल? तिनं ते करावंच असंही नाही. संस्थेत वाढलेल्या प्रत्येकानं आयुष्य संस्थेलाच वाहावं ही अपेक्षाही एक प्रकारची वेठबिगारी आहे. प्रश्न तिला विचारला जावा, एवढंच.

दुसरा एक प्रकार आईबापांच्या संस्थांचा. बदलापूरजवळ मुळगावला ‘आधार’ आहे, प्रौढ मतिमंदांच्या पालकांची संघटना. माधवराव गोऱ्यांनी १९९० मध्ये पालकांना एकत्र करून ती सुरू केली, पुढे नाशिकलाही केंद्र निघालं. ‘आमच्या पश्चात काय?’ या प्रश्नातून असे पालक एकत्र येतात. हे विश्वस्त पाहुणे नसतात; त्यांचं मूल आत राहतं. भाजीत मीठ कमी पडलं तर रविवारी भेटीला आल्यावर कळतंच. पण पालक विश्वस्त मंडळाचं वय एकदम वाढतं. सगळे सत्तरीत एकत्र पोचतात. मग भाऊ-बहिणींना बोलावलं जातं, आणि त्यांच्यापैकी निम्मे परदेशात असतात. सहा महिन्यांनी एकदा स्क्रीनवर येणारा विश्वस्त आणि आत राहणारा त्याचा पंचेचाळीस वर्षांचा भाऊ, यांच्यात वर्षाची वर्गणी एवढाच दुवा उरू नये, यासाठी कुणीतरी आत्तापासून काही करायला हवं.

रहिवाशांना कारभारात जागा मिळावी यासाठीचा झगडा इंग्लंडमध्ये साठ वर्षांपूर्वी झाला. लिओनार्ड चेशर या वैमानिकानं १९४८ मध्ये हॅम्पशरमधल्या ‘ल कोर्ट’ या घरात अपंगांसाठी निवास सुरू केला. पुढे चेशर होम्स जगभर गेली. १९५० च्या दशकात मुंबईत अंधेरीलाही एक निघालं. ल कोर्टमध्ये पॉल हंट नावाचा तरुण १९५६ मध्ये राहायला आला. स्नायूंचा विकार, चाकाची खुर्ची. तिथल्या रहिवाशांचं म्हणणं मोठं नव्हतं: झोपायची वेळ आमची आम्ही ठरवू, आणि व्यवस्थापन समितीत आमची माणसं असावीत. व्यवस्थापनानं ते मोडून काढायचा प्रयत्न केला. रहिवाशांच्याच आग्रहानं मिलर आणि ग्विन हे संशोधक आले, आणि १९७२ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं. रहिवाशांना त्यात दगाफटका वाटला, कारण संशोधकांनी व्यवस्था थोडी माणसाळवायचे मार्ग सांगितले. व्यवस्था का असावी हा प्रश्न टाळला. त्याच वर्षी सप्टेंबरात हंटनं ‘गार्डियन’ला एक पत्र लिहिलं आणि अपंगांनी स्वतःची संघटना उभारावी असं आवाहन केलं. त्यातून ‘युपियास’ ही संघटना जन्मली. समाजाच्या रचनेमुळे माणूस अपंग होतो, ही आज जगभर मानली जाणारी मांडणी या संघटनेची. समितीतल्या एका खुर्चीच्या मागणीतून एवढं निघालं.

मतिमंद व्यक्ती विश्वस्त कशी होणार, ही शंका प्रामाणिक आहे. १९४६ मध्ये ज्युडी फ्रिड या आईनं एका मासिकाला लिहिलेल्या पत्रातून निघालेली ब्रिटनमधली पालक संघटना आज ‘मेनकॅप’ नावानं ओळखली जाते. पन्नासेक वर्षं पालकांनी चालवल्यावर तिनं घटना बदलली आणि ज्यांच्यासाठी ती होती त्यांना सभासदत्व आणि कारभारात जागा दिली. अजेंडा सोप्या वाक्यांत, चित्रांसह. सभेच्या आधी एक सहायक बसून समजावतो. मत त्या व्यक्तीचं. सभेला वेळ जास्त लागतो. आपल्याकडे सभा लागतच नाही, वही फिरते. त्यापेक्षा उशीर बरा.

भारतात कायदा या बाबतीत संस्थांच्या पुढं आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानं स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांचे पालक नेमण्यासाठी स्थानिक समिती सांगितली. तिच्यात तीन जण: जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती. म्हणजे यवतमाळच्या जिल्हाधिकाऱ्यांशेजारी अपंग माणूस बसू शकतो, ते कायद्याला हवंच आहे. आणि त्याच जिल्ह्यातल्या एखाद्या अपंग कल्याण संस्थेच्या सात विश्वस्तांत एकही अपंग नसला तरी सार्वजनिक विश्वस्त कायदा काही विचारत नाही. भारतानं १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्य केलेला संयुक्त राष्ट्रांचा करारही अपंगांशी संबंधित निर्णयांत त्यांच्या संघटनांना सहभागी करून घ्या असं सांगतो. तो सरकारांना उद्देशून आहे, बरोबर. पण कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी चाकाच्या खुर्चीवरून १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड’ उभी करून चालवून दाखवली, तेव्हा हा करार नव्हताच.

हे सगळं घडवायला कायदा बदलायची वाट पाहावी लागत नाही. घटनेतलं ते ‘वेड’वालं कलम काढायला आणि ‘मंडळात किमान दोन अपंग व्यक्ती आणि एक रहिवाशाचा पालक किंवा भावंड असेल’ हे कलम घालायला सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो आणि घटनादुरुस्तीची रीतसर मंजुरी. नोटीस वेळेत काढावी, ती अंध सभासदाला ऐकवता येईल अशी असावी, मूकबधिर सभासद असेल तर सांकेतिक भाषा जाणणारा सभेला हवा. आणि तीन वर्षांनी होणाऱ्या बदल अर्जाला नव्वद दिवस उलटू देऊ नयेत.

शेवटचा अडथळा बँकेत येतो. कोषाध्यक्ष दृष्टिहीन असेल तर चेकवर सही कशी चालणार, असं काउंटरवरून विचारलं जातं आणि संस्थेचे लोक निमूट दुसरं नाव देऊन मोकळे होतात. रिझर्व्ह बँकेनं २००८ च्या जूनमध्येच सर्व बँकांना कळवलं आहे की दृष्टिहीन ग्राहकाला चेकबुक, एटीएम, लॉकर, काहीही केवळ अंधत्वामुळे नाकारायचं नाही. त्या परिपत्रकाची एक प्रत ठरावाच्या प्रतीसोबत टाचून न्यावी. शाखेतल्या बाबूनं ते बहुधा पाहिलेलं नसतं.